मदत हवी आहे : लगोरी खेळायला मोठी माणसं कशी जमवू?

मंडळी, परवा भाचीने सोसायटीच्या आवारात फरशीचे सात तुकडे रचले आणि "मावशी, ये ना" म्हणाली. पहिला नेम हुकला, दुसऱ्याला लगोरी पडली, पळताना चपलेचा अंगठा तुटला आणि मी तिथेच फतकल मारून पोट दुखेपर्यंत हसले. याआधी असं कधी हसले होते, आठवेना. (वय ४४, गुडघे कुरकुरतात.)

आता हे दर रविवारी करायचंय. पण शेजारणी म्हणतात, "या वयात? लोक काय म्हणतील!" हास्यक्लबला जाऊन आले. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारियांनी पहिला क्लब काढला तेव्हा विनोद सांगून हसत म्हणे. विनोद संपले म्हणून मुद्दाम हसणं आलं. कल्पना भारीच, पण हात वर करून हो-हो-हा-हा करताना मला नुसतं अवघडायला होतं. खेळता खेळता फुटणारं हसू हवंय.

कुणी मोठ्यांचा असा गट जमवलाय का? पहिल्या दिवशी लाज कशी मोडली? डबा ऐसपैस गुडघ्यांना झेपेल, की आधी काचापाणी, सागरगोटेच बरे? आणि लगोरीला रबरी चेंडू घेऊ की कापडी? खालच्या मजल्यावरच्या काकांच्या काचा आहेत.