बेळगावात मे महिन्यात दुपारी निवांत टेकता येईल असं देऊळ कुठलं?

वडगावची_सून:
नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाईंची धाकटी बहीण मिरजेहून येऊलाल्यात, लग्नाचा बस्ता काढायचाय म्हणजे खडेबाजार, गणपत गल्ली, परत शहापूर असं फिरणं आलंच. मावशींचे गुडघे दुखतात, त्यात हे ऊन आणि रिक्षांचे हॉर्न, अर्ध्या तासात त्यांचं डोकं उठतंय. मधे तासभर कुठंतरी देवळात बसता यावं एवढंच. कपिलेश्वरला नेलं असतं पण नेमका सोमवार पडतोय. सुचवा की.

कॅम्पातला_बाळू:
मिलिटरी महादेव! झाडी आहे, सावली आहे, अजून काय पाहिजे.

स्टँडसमोरचा:
बाळू, कपिलेश्वर सोमवारी नको म्हणतायत आणि तू दुसरा महादेव दाखवुलालास होय?
वहिनी, किल्ल्यात कमल बस्तीत न्या, बस्ती म्हणजे जैन देऊळ. सेंट्रल बस स्टँडपासून किल्ला हाकेच्या अंतरावर, आणि आपण लोक तीस-तीस वर्षं त्या स्टँडवर बस पकडतो पण आत कोण जातंय, मी स्वतः पाहुणे आले म्हणून पहिल्यांदा गेलो. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ साली राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज यानं बांधली, आत नेमिनाथ तीर्थंकर. सगळा दगड, त्यामुळं आत पाऊल टाकलं की गारच. उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसत नाही, थोडा वेळ थांबायचं, मग वर छतातनं खाली लोंबणारं दगडी कमळ हळूहळू दिसायला लागतं. खांब इतके घोटलेत की आपलीच सावली त्यात हलताना दिसते. नाव कमल बस्ती का पडलं ते मान वर केल्याशिवाय कळत नाही.

वडगावची_सून:
ऐकलंय, पण ती जैनांची ना? मावशी जरा सोवळ्यातल्या आहेत, चालेल का?

स्टँडसमोरचा:
अहो चालतंय की. चपला बाहेर काढा, आत मोठ्यानं बोलू नका, बास. तरी वाटलंच तर किल्ल्याच्या दारातच दुर्गादेवी आहे, आधी तिथं हात जोडून पुढं जा.

वेणुग्राम_प्रेमी:
भर घालतो. त्या काळी गावाचं नाव वेणुग्राम. रट्टांच्या काळातले इथले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, म्हणजे आपल्या गावची कागदपत्रं बघायला आपल्यालाच व्हिसा काढायला पाहिजे. जवळच चिक्की बस्ती पण आहे, तीही बघून घ्या, मात्र मोठीत जास्त वेळ द्या.

कॅम्पातला_बाळू:
बरं बाबा, हरलो. पण काकू, बाहेरची फरशी दुपारी तव्यासारखी तापते, मोजे न्या.

वडगावची_सून:
जाऊन आलो! बाळूभाऊंचं ऐकायला पाहिजे होतं, मोजे विसरले आणि मावशी शेवटची दहा पावलं अक्षरशः उड्या मारत गेल्या, गुडघे कुठं गेले देव जाणे. आत एका खांबाला टेकून बसल्या त्या पाऊण तास उठेनात. मी दोनदा घड्याळ दाखवलं तर म्हणाल्या, साड्या काय पळून जातात होय? शेवटी बस्ता अर्धाच झाला, उरलेल्याला परवा परत येणार आहेत आणि जाताना रिकाम्या डब्यात कुंदा भरून द्या म्हणून आत्ताच फोनवर सांगितलंय.