मदत हवी आहे: खाण्याचे फोटो दाखवून लहान मुलांची आवडनिवड कशी मोजावी?

नमस्कार मंडळी,

बालविकास विषयात माझं पदव्युत्तर शिक्षण चालू आहे. प्रबंधासाठी ३ ते ६ वर्षांच्या मुलांना खाद्यपदार्थांचे फोटो दाखवते आहे. मूल एकेक फोटो हातात घेतं आणि तीन चेहऱ्यांपैकी एकासमोर ठेवतं: हसरा, मख्ख आणि तोंड वाकडं केलेला. ही पद्धत मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडींवर संशोधन करणाऱ्या लीअन बर्च यांच्या कामावरून घेतली आहे. त्या मुलांना पदार्थ प्रत्यक्ष चाखायला देत असत, माझ्याकडे मात्र फक्त फोटो आहेत. आणि घोडं तिथेच अडलंय.

मुख्य अभ्यासाआधी थोड्या मुलांवर चाचणी घेतली, तेव्हा धाकट्यांनी सगळंच हसऱ्या चेहऱ्याकडे नेलं. केक हसरा, गाजर हसरं, पालेभाजीही हसरी! त्याच मुलांच्या पालकांनी प्रश्नावलीत लिहिलंय की पोर भाजीला हातसुद्धा लावत नाही. पाच-सहा वर्षांची मुलं निवड करतात, पण बोलतात भलत्याच गोष्टींबद्दल. एकाला ताटलीचा निळा रंग आवडला म्हणून मटार हसऱ्याकडे गेले. एका मुलीनं सूपच्या फोटोवर आधी फुंकर घातली आणि मग तो ठेवला. ती फुंकर माझ्या डोक्यातून जात नाही. मी नक्की काय मोजते आहे? पदार्थाची आवड, फोटोची आवड, की समोरच्या ताईला खूश करण्याची इच्छा?

मुलांची संख्या वाढव, असा सल्ला मिळाला आहे. पण मोजपट्टीच वाकडी असेल तर जास्त मुलं मोजून काय साधणार? या वयाला नुसते फोटो चालतात का, सगळंच हसरं येतं त्याचं काय करायचं आणि फोटो कुठून घ्यावेत, यावर कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा.

– चिकूची_फोड

---

निरीक्षक:

पालेभाजी हसरी येण्यात तुमच्या मुलांचं काही वेगळं नाही. अगदी लहान मुलं प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याकडे झुकतात. फ्रिट्झली आणि ली यांनी २००३ मध्ये हे नीट दाखवलं: दोन वर्षांच्या मुलांत हा कल ठळक होता, तर चार-पाच वर्षांच्या मुलांत, प्रश्न समजण्यासारखा असेल तर, तो दिसला नाही. चेहऱ्यांच्या पट्टीचंही तसंच. मुलांकडून संगणकी खेळांबद्दल मत घेण्यासाठी जॅनेट रीड यांनी ‘स्मायलीओमीटर’ वापरला, तिथेही धाकटी मुलं सर्वात वरचा चेहरा उचलतात असंच आढळत आलं आहे.

म्हणून माझं मत: धाकट्यांसाठी ‘आवडलं का’ हा प्रश्नच काढून टाका. दोन फोटो समोर ठेवा आणि ‘यातलं आधी कुठलं खाशील?’ असं विचारा. दोन्हींना ‘हो’ म्हणायची सोयच राहत नाही. डावी-उजवी बाजू मात्र न चुकता बदलत राहा, कारण काही मुलं एकाच बाजूचं उचलत जातात. पाच-सहा वर्षांच्यांसाठी चेहरे ठेवा, पण बर्च यांच्या पद्धतीचा दुसरा भागही घ्या. चेहऱ्यांनुसार गट झाल्यावर बर्च प्रत्येक गटात ‘यातलं सगळ्यात आवडतं कुठलं?’ विचारत, ते बाजूला काढत आणि उरलेल्यांतून पुन्हा विचारत. असा क्रम लागला की दहा हसऱ्यांमध्येही वर-खाली दिसतं.

आणखी एक. खाद्यपदार्थांत साबण, दगड, मोजा असे दोन-चार फोटो मिसळा. ‘खायला कसं लागेल’ असं विचारल्यावर साबणही हसऱ्याकडे गेला, तर ते मूल प्रश्नाचं उत्तर देत नाहीये, खेळ खेळतंय. हा निकष आधीच ठरवून लिहून ठेवा, नंतर आकडे पाहून नको.

---

कागदी_होडी:

सूपवरच्या फुंकरीबद्दल. फार मोलाचं निरीक्षण आहे ते, वहीत तारखेसकट नोंदवा!

चित्र म्हणजे वस्तू नव्हे, हे मूल टप्प्याटप्प्यानं शिकतं. ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ९ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू पकडायला जातात आणि १९ महिन्यांची तिच्याकडे बोट दाखवतात. पण गोष्ट तिथे संपत नाही. फ्लेव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मुलांना विचारलं होतं की पडद्यावर पॉपकॉर्नचं भांडं दिसतंय आणि टीव्ही उलटा केला, तर पॉपकॉर्न सांडतील का? तीन वर्षांची बरीच मुलं ‘सांडतील’ म्हणाली. आइस्क्रीमचा फोटो हाताला गार लागेल, असं म्हणणारी मुलंही याच वयातली.

म्हणजे तुमचा प्रश्न फोटोबद्दल असेल आणि उत्तर पदार्थाबद्दल येईल, किंवा उलट. ‘हा फोटो आवडला?’ आणि ‘हे खाशील?’ हे दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या वेळी विचारून पाहा. उत्तरं कुठे फुटतात, ते पाहणं मला तुमच्या मूळ प्रश्नापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

नुसते फोटो चालतील का? १९८७ चा बर्च आणि सहकाऱ्यांचा अभ्यास काढून वाचाच. काही पदार्थ मुलांनी नुसते पाहिले, काही चाखले. वारंवार पाहिलेले पदार्थ दिसायला आवडू लागले, पण चवीची पसंती वाढायला चाखावंच लागलं. दुसरीकडे रीडिंग विद्यापीठात कार्मेल ह्यूस्टन-प्राइस आणि सहकाऱ्यांनी फळं-भाज्यांची चित्रपुस्तकं घरी पाहायला देऊन काम केलं. चित्रांचा उपयोग त्यांना विशेषकरून अनोळखी भाज्यांच्या बाबतीत दिसला. तेव्हा दिसायला आवडणं, चाखायला तयार होणं आणि चव आवडणं या तीन गोष्टी प्रबंधात एका शब्दाखाली कोंबू नका. फोटोवरून पहिली कळते, दुसरीचा अंदाज येतो. तिसरीबद्दल बोलायचं असेल तर खरा पदार्थ लागेल.

फोटोंसाठी येन्स ब्लेचर्ट आणि सहकाऱ्यांचा ‘फूड-पिक्स’ संच (२०१४) पाहा. संशोधनासाठीच केलेला आहे, पांढरी पार्श्वभूमी आहे आणि रंग, उजेड, उष्मांक यांची माहिती सोबत मिळते. तुमची निळी ताटली तिथेच निकालात निघेल. पण तो लहान मुलांसाठी केलेला नाही. म्हणून प्रत्येक फोटोला आधी ‘हे काय आहे?’ विचारा. ओळखलाच नाही तर तो नकार पदार्थाला नसून अनोळखीपणाला आहे. दोन ते सहा वर्षांत नवं अन्न नाकारण्याची वृत्ती अगदी जोरात असते, त्यामुळे ओळखीचे आणि अनोळखी पदार्थ वेगळे मोजणं भाग आहे.

---

पाटीपेन्सिल:

मी लहान मुलांना शिकवते, संशोधक नाही. पण ताई, मुलं फोटोआधी तुमचा चेहरा वाचतात. गाजर दाखवताना तुमचे डोळे जरा चमकले, तरी संपलं. एखादी हातमोज्याची बाहुली आणा आणि ‘हिला काहीच माहीत नाही, तू हिला सांग’ म्हणा. बाहुलीला खूश करायचं दडपण कमी असतं. एका वेळी एकच मूल घ्या आणि वर्गशिक्षिकेला शेजारी बसवू नका.

---

निरीक्षक:

पाटीपेन्सिल यांच्याशी पूर्ण सहमत. बर्च यांच्याच १९८० च्या अभ्यासात वेगळी आवड असलेल्या सवंगड्यांबरोबर जेवायला बसवल्यावर मुलांची भाजीची निवड बदलली होती. शेजारी कोण आहे, याला या वयात वजन असतं.

---

चिकूची_फोड:

मनापासून आभार! दोनातून एक निवडण्याची पद्धत आणि साबण-दगडाचे फोटो नक्की घेते. बाहुलीही. शेवटी दोन-तीन खरे पदार्थ चाखायला ठेवावेत असं आता वाटतंय, म्हणजे फोटोवरची निवड आणि खऱ्या पदार्थांची निवड ताडून पाहता येईल. त्यात काय सांभाळू? आणि भुकेचं काय? काही मुलं डबा खाऊन आलेली असतात, काही उपाशी.

---

कागदी_होडी:

भूक नोंदवाच. सगळ्यांना शक्यतो एकाच वेळी घ्या, डब्यानंतर किती वेळानं ते लिहा आणि नुकतंच काय खाल्लं तेही. एखादी गोष्ट पोटभर खाल्ली की तीच काही वेळ नकोशी होते, बाकीच्या पदार्थांची इच्छा तेवढी उतरत नाही. डब्यात गाजर असेल तर त्या दिवशीचा गाजराचा नकार वेगळा धरावा लागतो.

चाखण्यासाठी पालकांची लेखी संमती आणि ॲलर्जीची माहिती आधी हवी. संमतीपत्रात पदार्थांची नावं स्पष्ट लिहा, ‘खाऊ’ एवढंच नको. अख्खे दाणे ठेवू नका, द्राक्षं लांबीत चिरून द्या, कच्चं गाजर नको, मऊ शिजवलेलं द्या. या वयात घास अडकण्याचा धोका खरा आहे. पालक ‘हो’ म्हणाले तरी मूल ‘नको’ म्हणालं तर तिथेच थांबायचं. तो नकारही नोंदीत उत्तर म्हणूनच येऊ दे, ‘माहिती नाही’ म्हणून रिकामा रकाना नको.