मदत हवी आहे: कायम नोकरी सोडून एजन्सीची ड्युटी घेऊ का?

नमस्कार मंडळी. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स, चिपळूणला एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला कायम स्टाफ. पगार बेताचाच, पण पीएफ कापला जातो आणि पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क. आता हॉस्पिटलांना नर्स पुरवणाऱ्या एका एजन्सीने विचारलंय: तीन-तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, कधी पनवेल, कधी गोवा. पैसे बरेच जास्त, राहायची सोय त्यांची. अमेरिकेत साधारण १३ आठवड्यांचं ट्रॅव्हल नर्सिंग असतं, तसंच म्हणे.

सासूबाईंना काळजी गणपतीची. (कायम स्टाफला तरी गणपतीत रजा कुठे मिळते!) माझी धास्ती वेगळी. नव्या आयसीयूत क्रॅश कार्टच्या (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) कुठल्या ड्रॉवरमध्ये काय, हे हाताला कळायलाच वेळ जातो, आणि पेशंट काही तोवर थांबत नाही. त्यात बाहेरच्या मुलीलाच सलग नाइट लावतात, असं ऐकलंय.

दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये घरी बसवलं तर पगार मिळतो का? पीएफ एजन्सी भरते की हॉस्पिटल? बाळंतपणाच्या रजेसाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम लागतं, ते वेगवेगळ्या हॉस्पिटलांतलं धरतात का? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुणी असं काम केलं असेल तर सांगा, करारात नेमकं काय लिहून घ्यावं? महिनाअखेरपर्यंत कळवायचंय त्यांना.