‘डिसिडंट’ला मराठीत काय म्हणायचं? असंतुष्ट, राजबंदी की आणखी काही?

पर्वतीपायथा
एका दिवाळी अंकातला लेख तपासायला आलाय. विषय असा : सरकारच्या विरोधात बोलणाऱ्यांना वेगवेगळ्या देशांत कसं छळलं गेलं आणि बाहेरच्या जगाने त्यावर काय केलं. लेखकाने ‘डिसिडंट’साठी सरसकट ‘असंतुष्ट’ लिहिलंय. ‘असंतुष्ट शास्त्रज्ञ साखारोव’, ‘असंतुष्ट लेखक लिउ शियाओबो’. मला तर वाटतं, पुढच्या परिच्छेदात साखारोवना एखादं महामंडळ देऊन गप्प बसवतील! आपल्याकडे असंतुष्ट म्हणजे तिकीट कापलं गेलेला. दुसरा शब्द आहे का?

पत्र्यामारुती
असंतुष्टला एवढं हिणवू नका हो. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ हे ब्रिटिश पत्रकार चिरोलने टिळकांना हिणवायलाच म्हटलं होतं, आपण त्याचं बिरुद केलं.

आणि त्याआधीचं बघा. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी कायद्यातल्या शब्दाची फोड अशी केली की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर माया नाही, एवढंही पुरे! टिळकांना 18 महिने सक्तमजुरी झाली. तेव्हा मॅक्समुल्लर, हंटर, दादाभाई अशा मंडळींनी सुटकेसाठी राणीकडे अर्ज केला आणि सप्टेंबर 1898 मध्ये मुदतीआधी सुटका झाली. तुमच्या लेखात ‘आंतरराष्ट्रीय दबाव’ असेलच, त्याचं हे घरचं उदाहरण घाला. 1908 ला मात्र मंडाले चुकलं नाही. मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या तरी नाही.

पर्वतीपायथा
इतिहास मान्य, शब्द नाही. असंतोष लोकांचा असतो. असंतुष्ट एकटा असतो, आणि त्याचं गाऱ्हाणंही स्वतःपुरतंच असतं.

मुळामुठा
मग राजबंदी घ्या की. तयार शब्द आहे.

पर्वतीपायथा
तो आत गेल्यावर लागू. साखारोवना 1975 चं शांततेचं नोबेल मिळालं, सोव्हिएत सरकारने ते घ्यायला ऑस्लोला जाऊ दिलं नाही, पण तेव्हा ते मॉस्कोत आपल्या घरीच राहत होते. त्यांना त्या वर्षी राजबंदी कसं म्हणू?

मुळामुठा
बरोबर. शिवाय ‘बंदी’ची गंमत आहेच. राजबंदी म्हणजे माणूस, दारूबंदी म्हणजे मनाई. आणीबाणीने एकाच दमात मिसाबंदी (‘मिसा’ कायद्याखाली विनाखटला आत टाकलेले) दिले आणि नसबंदीही दिली. माझे काका येरवड्यात मिसाबंदी होते. आजी शेजारणींना सांगताना ‘तुरुंगात’ हा शब्द कधीच वापरायची नाही, ‘तो आत आहे’ म्हणायची. चोरीसाठी आत गेलेल्याबद्दलही हेच म्हणतात, पण तिच्या ‘आत’चा सूर वेगळा होता. तो कोशात कसा घालणार?

पण लेखात साखारोवना 1980 नंतर ‘नजरकैदेत’ लिहिलं असेल तर तेवढं बदला. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्ध बोलले म्हणून त्यांना गॉर्की शहरात नेऊन ठेवलं. परदेशी माणसाला त्या शहरात यायची मुभाच नव्हती. त्यांच्यावर नजर होतीच, पण शिक्षा होती ती जागेची. तिथून हलायचं नाही. सावरकर 1924 पासून 1937 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते तसं, म्हणजे स्थानबद्ध. नजरकैद म्हटलं की मला घर दिसतं आणि फाटकावरचा पहारा दिसतो. म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची यांगोनमधल्या आपल्या घरात होत्या तशी. डिसेंबर 1986 मध्ये साखारोवांच्या घरी अचानक टेलिफोन बसवला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर खुद्द सोव्हिएत नेते गोर्बाचेव बोलले, की मॉस्कोला या. जोडणीसाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या पिढीला हा तपशील नक्की आवडेल.

पत्र्यामारुती
आगाखान पॅलेसचं काय मग? गांधीजी 1942 ते 1944 तिथे होते. स्थानबद्ध म्हणतात, नजरकैदही म्हणतात. महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबाही तिथेच. मागच्या बागेत दोन समाध्या आहेत शेजारी-शेजारी. पॅलेस असला तरी बाहेर जाता येत नाही याला मराठीत साधं ‘कोंडून ठेवणं’ म्हणतात!

मुळामुठा
हे आवडलं. आणि हद्दपारच्या जागी तडीपार नको. फेब्रुवारी 1974 मध्ये रशियन लेखक सोल्झेनित्सिनना अटक करून दुसऱ्या दिवशी विमानाने पश्चिम जर्मनीत सोडलं, त्याला ‘तडीपार’ लिहिलं तर ते दोन वर्षांसाठी पुणे जिल्ह्याबाहेर घालवलेले कोणी दादा वाटतील.

दौतटाक
उशिरा आलो. माझी पस्तीस वर्षं भाषांतरात गेली, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो.

पिंजऱ्याला आपल्याकडे शब्दच शब्द आहेत, वर आलेच. आतल्या माणसाला नाव शोधायला गेलं की हाताला लागतं ते बहुधा पकडणाऱ्यानेच ठेवलेलं. रशियात 2012 च्या कायद्याने ‘परदेशी एजंट’ असा शिक्का आला. मराठीत एजंट लिहाल तर विम्याचा वाटेल. त्यातलं विष ‘परकीय हस्तक’मध्येच उतरतं. लिउंना नोबेल जाहीर झालं तेव्हा चीनच्या परराष्ट्र खात्याचा शब्द होता ‘गुन्हेगार’.

‘सदसद्विवेकाचा कैदी’ हा ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या संज्ञेचा अनुवादही वाचनात येतो. ती 1961 पासूनची, पण तिला अट आहे : कैद्याने हिंसेचा वापर वा पुरस्कार केलेला नसावा. म्हणून मंडेला त्यात बसले नाहीत. रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्या जुन्या वक्तव्यांवरून 2021 मध्ये त्यांची ती काढून घेतली आणि काही महिन्यांत माफी मागून परत दिली. तेव्हा हा शब्द कुठेही चिकटवू नका.

माझं ऐकाल तर नामाचा हट्ट सोडा. माणसाचं काम लिहा, आरोप लिहा, शिक्षा लिहा. ‘लेखक लिउ शियाओबो, राज्यसत्ता उलथवण्याची चिथावणी दिल्याच्या आरोपावरून 2009 मध्ये 11 वर्षं.’ इथे असंतुष्टची गरज कुठे पडते? 2010 च्या समारंभात त्यांच्यासाठी रिकामी खुर्ची ठेवली होती. 2017 मध्ये ते कैदेत असतानाच वारले. आणि हो, ‘रिकामी खुर्ची’चं वाक्य जपून करा. मराठीत खुर्ची म्हटलं की पहिली आठवते ती मंत्र्याची.

पर्वतीपायथा
लेखात हे जमेल. लेखकाला आजच फोन करते. पण शीर्षकात नाम लागतंच, तिथे चार ओळींचा आरोप कसा मावणार? सध्या ‘विरोधी मताची माणसं’ केलंय. ‘मतबंदी’ सुचला होता, पण लोक म्हणतील निवडणूक रद्द झाली.

दौतटाक
चालेल. फक्त एक, ‘स्थानबद्ध’मध्ये ‘द्ध’ आहे. तुमच्या टंकलेखकाला ‘ध्द’ची सवय असेल तर छपाईआधी सगळीकडे शोधून घ्या.