अमेरिकेने सालाझारला पाठीशी का घातलं? (गोवा, १९५५ ते १९६१)

टीवाय_म्हापसा: नमस्कार. इतिहास घेऊन टीवायला आहे. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत युद्धबंदी करा, भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला, आणि तो मांडणाऱ्यांत अमेरिका होती. जो देश स्वतः वसाहत होता, तो पोर्तुगालच्या सालाझारच्या हुकूमशाहीची बाजू का घेतो? वहीत "पोर्तुगाल नाटोत होता" एवढंच लिहून दिलंय. माझं त्यावर समाधान होत नाही.

फोंडेकर: धर्म! दुसरं काय? ख्रिस्ती देश ख्रिस्ती देशाच्या मागे उभा राहिला.

पेडण्याचा_मास्तर: फोंडेकर, हे पटत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये अंगोला या पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतीच्या प्रश्नावर केनेडींच्या अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिलं होतं. धर्म तेव्हाही तोच होता.

बाय, नकाशा काढ. लिस्बनच्या पश्चिमेला साधारण दीड हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये अझोर्स बेटं आहेत. त्यातल्या तेर्सेरा बेटावर लाजेशचा विमानतळ. त्या काळी अमेरिकेतून माल भरून निघालेलं विमान एका दमात युरोप किंवा पश्चिम आशिया गाठू शकत नव्हतं. मध्ये इंधन घ्यायला जागा हवी, आणि ती सालाझारच्या हातात. अमेरिकेला तिथे राहू देण्याच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपणार होती. अंगोलाच्या मतदानानंतर लिस्बन चिडलं, तेव्हा वॉशिंग्टनला पहिली चिंता या विमानतळाची लागली. बळाचा वापर नको हे तत्त्वही ते सांगत होते, मनापासून सांगत असतील. पण त्याच सालाझारने १५ वर्षं इथे बळच वापरलं, तेव्हा ते तत्त्व कुठे होतं?

हे मी नुसतं पुस्तकातून बोलत नाही. आमचं घर गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपासून जवळ. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही तिथून आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. आवाज आला तसं आजीने त्यांना ओढून घरात घेतलं आणि दाराला अडसर घातला. दिवसभर चूल पेटली नाही, एवढंच ते सांगायचे, पुढे बोलायचे नाहीत. सत्याग्रही कर्नेल सिंग तिथेच मारले गेले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे पाउलो कुन्हा यांचं संयुक्त निवेदन निघालं. त्यात आपल्याला 'पोर्तुगीज प्रांत' म्हटलंय. वसाहत नाही, प्रांत! तो शब्द वाचला की मला अजून आजीचा अडसर आठवतो.

टीवाय_म्हापसा: सर, मग रशियाने व्हेटो (नकाराधिकार) वापरून ठराव पाडला तो तरी आपल्यावरच्या प्रेमापोटी का?

पेडण्याचा_मास्तर: नाही गं. ठरावाच्या बाजूने सात मतं, विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. वसाहतींतून सुटणारे देश आपल्याकडे वळावेत, हा मॉस्कोचा हिशेब होताच. त्या व्हेटोचे उपकार मी मानतो, पण हिशेब विसरत नाही. आणि व्हेटोनंतर काय झालं ते बघ: अमेरिकेने प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेलाच नाही. अझोर्ससाठी मत देता येत होतं, त्यापायी भारताशी कायमचं वाकडं घ्यायला ते तयार नव्हते.

मांडवीकाठ: ब्रिटनचंही सांगा की, मास्तर.

पेडण्याचा_मास्तर: हो, ते राहिलंच. इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा तह १३७३ चा. १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांविरुद्ध अझोर्स हवे होते, तेव्हा चर्चिलनी तोच तह पुढे करून तळ मिळवला. १९६१ मध्ये सालाझारने त्याच तहाची आठवण करून देत मदत मागितली. भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून ब्रिटनने हात वर केले. सुरक्षा परिषदेत मत दिलं, पण एक जहाजही पाठवलं नाही.

फोंडेकर: अंगोलाचं मतदान मला ठाऊक नव्हतं. माझं वरचं मत मागे घेतो. पुढे त्या लाजेशचं काय झालं?

पेडण्याचा_मास्तर: १९६२ संपलं तरी नवा करार झाला नाही. पोर्तुगालने अमेरिकेला तसंच राहू दिलं आणि टांगती तलवार ठेवली. औपचारिक करार १९७१ मध्ये झाला. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलला शस्त्रं नेणारी अमेरिकन विमानं लाजेशलाच उतरली, कारण युरोपातल्या बाकीच्या बहुतेक मित्रांनी आपले तळ वापरू दिले नव्हते. बाय, वहीत 'नाटो' लिहिलंय त्याच्या शेजारी 'लाजेश' लिही. आणि सवड काढून एकदा पत्रादेवीला ये, स्मारक मी दाखवीन.