लटकता 'एल्स': व्याकरण संदिग्ध, तरी भाषा निःसंदिग्ध?

प्रश्न
अभ्यास म्हणून मी सी भाषेच्या एका छोट्या भागाचा पार्सर (कोडची व्याकरणानुसार रचना ओळखणारा प्रोग्रॅम) बायसन या पार्सर तयार करून देणाऱ्या साधनाने लिहीत आहे. 'इफ (अ) इफ (ब) क; एल्स ड;' या विधानाचे दोन रचनावृक्ष निघतात (एल्स आतल्या इफचा की बाहेरच्या) आणि बायसन शिफ्ट-रिड्यूस संघर्षाचा, म्हणजे पुढचा शब्द आत घ्यायचा (शिफ्ट) की वाचलेले विधान पूर्ण मानायचे (रिड्यूस) हे ठरत नसल्याचा, इशारा देते, तरीही तयार झालेला पार्सर अपेक्षेप्रमाणे चालतो. मग सीचे व्याकरण सदोष मानायचे का?

उत्तर १
व्याकरण संदिग्ध आहे, भाषा नाही. सीच्या मानकात व्याकरणाच्या नियमांबाहेर एक साधे वाक्य आहे: एल्स हा वाक्यरचनेत बसेल अशा, आधीच्या सर्वांत जवळच्या इफला जोडला जातो. म्हणून तुमच्या उदाहरणात 'अ' असत्य असल्यास क आणि ड यांपैकी काहीही चालत नाही. असा संघर्ष आला की बायसन शिफ्ट निवडते, म्हणजे एल्स आतल्या इफकडे जातो; तुमचा पार्सर बरोबर चालतो तो यामुळे. मात्र 'एक्स्पेक्ट १' लिहून इशारा गप्प करू नका. ती सूचना केवळ संघर्षांची संख्या मोजते. उद्या हा संघर्ष जाऊन त्या जागी दुसराच आला, तरी तुम्हाला कळणार नाही. एल्सशिवायच्या इफ-नियमाला एल्सपेक्षा कमी प्राधान्य जाहीर करा.

उत्तर २
निर्णय मानकातल्या गद्य वाक्यावर सोपवणे मला पटत नाही, कारण व्याकरणाचा तक्ता पाहून पार्सर लिहिणारा ते एक वाक्य सहज ओलांडून जातो. जावाने नियम तोच ठेवला, पण तो व्याकरणातच बसवला: एल्सच्या आधी येणारे विधान 'आखूड इफ'ने (एल्स नसलेल्या इफने) संपू नये, यासाठी विधानांचा वेगळा वर्ग केला. त्याची किंमत म्हणजे व्हाइल, फॉर आणि लेबल यांचेही नियम दोनदा लिहावे लागले. अल्गोल ६० पासून चालत आलेल्या या अडचणीवर इफचा शेवट दाखवणारे शब्द, म्हणजे अल्गोल ६८ चा 'फाय' आणि अडा भाषेचा 'एंड इफ', हे मला अधिक सरळ उपाय वाटतात. गो आणि रस्टमध्ये महिरपी कंस सक्तीचे असल्याने तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

उत्तर ३
पार्सरइतकाच वाचकही फसतो. सीमध्ये एल्स बाहेरच्या इफच्या रेषेत मांडला, तरी कंपायलर मोकळ्या जागेकडे पाहत नाही. जीसीसी हा सीचा कंपायलर 'डँगलिंग एल्स'चा (लटकत्या एल्सचा) इशारा देतो, तो सुरू ठेवा. दस्तऐवजात उदाहरणे देताना एकाच विधानाभोवतीही कंस घालावेत, कारण लोक नियम वाचण्याआधी उदाहरणच उचलतात.