मदत हवी आहे: इंग्रजीतला 'डॉन' (पहाट) आला कुठून?

शब्दशोधक: भाषांतरात 'ॲट डॉन' सरसकट 'पहाटे' केलेलं चालतं का? 'इट डॉन्ड ऑन हिम' मध्ये तोच शब्द कसा? आणि 'डे'चं आपल्या 'दिन'शी नातं आहे का?

जुनीअक्षरं: आधी व्युत्पत्ती. जुन्या इंग्रजीत 'डागिअन' म्हणजे उजाडणे. त्यातला ग घशातला, गझलमधल्या ग़सारखा. दोन स्वरांमधल्या या ग़चा पुढे व झाला, म्हणून 'ड्रागान'चं 'ड्रॉ' आणि 'बोगा'चं (धनुष्य) 'बो' झालं. दिवसासाठीच्या 'डॅग'मधला ग मात्र य-सारखा उच्चारत, त्याचा 'डे' झाला. मूळ एकच, पण एका अक्षराच्या दोन उच्चारांनी वाटा फुटल्या.

मधला न नंतरचा. आधी 'डॉइंग' होतं, मग 'डॉनिंग' आलं, बहुधा स्कँडिनेव्हियन 'डागनिंग'च्या वळणाने. त्याचं शेपूट गळून आधी क्रियापद आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'डॉन' हे नाम रूढ झालं. म्हणजे मुळात ही क्रिया आहे, आपल्या 'उजाडणे'सारखी.

'दिन'शी नातं नाही, दिसायला कितीही जवळचं वाटलं तरी. संस्कृत द-समोर इंग्रजीत ट येतो: द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. त्या नियमाने 'देव' सापडतो तो 'ट्यूजडे'त, 'टिव' या देवाच्या नावात. आणि आपली उषा? ती 'ईस्ट'मध्ये आहे! सूर्य उगवतो ती दिशा.

उजाडवेळ: 'पहाटे' सरसकट नको. पहाटेचे चार म्हणजे आपल्याकडे मिट्ट काळोख; 'डॉन'ला उजेड लागतो. सैन्य 'ॲट डॉन' निघालं तर 'फटफटताच' किंवा 'तांबडं फुटताना' निघालं. सूर्योदयही लिहू नका, तो नंतरचा. काटेकोर मजकुरात सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे ते पाहा: 'डॉन'चे तीन प्रकार यावरूनच ठरतात, नागरी ६, नाविक १२, खगोलीय १८. नागरी 'डॉन' मुंबईत सूर्योदयाआधी साधारण २२ ते २५ मिनिटं. जूनमध्ये लंडनला जवळपास पाऊण तास, कारण तिथे सूर्य तिरका वर येतो.

'डॉन ऑन'मध्ये कर्ता ती गोष्ट असते, माणूस नव्हे. 'आय डॉन्ड' चूक. मराठीत 'त्याच्यावर उजाडलं' लिहिलं की वाक्य मेलंच. 'त्याला उमगलं' लिहा. सोबत 'स्लोली' असेल तर 'हळूहळू उमगत गेलं'. तिथे 'डोक्यात लख्ख प्रकाश पडला' नको, तो एकदम पडतो.

शब्दशोधक: आभार. मग 'द डॉन ऑफ अ न्यू एरा'?

उजाडवेळ: 'नव्या युगाची पहाट' चालेल, तिथे घड्याळ नाही. उच्चार मात्र लांबवा: डॉऽन. आखूड केलात तर टोळीचा म्होरक्या ऐकू येतो.